पांढरी भिंत आणि निळी भिंत

या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून राज्यघटना, संतवाङ्मय, शेतीचे अर्थशास्त्र असे भारदस्त विषय मांडले जातात. आमचा विषय त्या मानाने अगदी घरगुती आहे. खोलीच्या भिंतींना पांढरा रंग द्यावा की निळा, एवढाच प्रश्न आम्ही आज घेणार आहोत. आमचे शिक्षण शाळेत सातवीपर्यंत झाले आणि त्यापुढचे रंगाऱ्याच्या शिडीवर. कामगार चळवळीत पडण्यापूर्वी चार-पाच वर्षे आम्ही नाक्यावर उभे राहून रंगकामाची रोजी मिळविलेली आहे. तेव्हा या विषयात आम्हास बोलण्याचा अधिकार असलाच तर तो हाताच्या अनुभवाचा आहे. बाकी जे सांगावयाचे ते वाचून, विचारून, आणि जेथे जमले तेथे हिशेब मांडून मिळविलेले आहे.

प्रश्न आमच्यापुढे आला तो असा. सोलापुरातील आमचे एक सभासद यंत्रमागावर रात्रपाळीस जातात. त्यांची पत्नी घरी शिलाईचे काम करते. खोली एकच. बारा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच. लांब भिंतीत एक खिडकी, खाली शहाबादी फरशी. नवरा सकाळी घरी येऊन झोपावयाचा आणि त्याच वेळी बायकोने मशीन सुरू करावयाचे, असा त्या खोलीचा दिनक्रम. दिवाळीपूर्वी रंग काढावयाचे ठरले आणि घरात दोन पक्ष झाले. नवऱ्याचे म्हणणे, गडद निळा द्यावा. दिवसा डोळ्यांवर उजेड येतो, झोप लागत नाही. बायकोचे म्हणणे, पांढराच हवा. दोघेही आमच्याकडे निवाड्यासाठी आली. आम्ही नवऱ्याची बाजू ऐकून घेतली आणि त्यात तथ्य आहे असे म्हणालो. त्यावर ती बाई एकच वाक्य बोलली. "भाऊ, ह्यांना भिंत दिसायला नको आहे आणि मला सुई दिसायला हवी आहे."

या वाक्याने आम्हास विचारात पाडले. रंग म्हणजे हौस, असे आपण समजतो. येथे एका रंगावर एकाची झोप अवलंबून होती आणि दुसऱ्यावर दुसरीची रोजी. अशा वेळी आवडनिवड बाजूस ठेवून दोन्ही रंगांचा हिशेब मांडणे हेच योग्य.

प्रथम उजेडाचा हिशेब घेऊ. खिडकीतून किंवा दिव्यातून आलेला उजेड एकदाच भिंतीवर पडून संपत नाही. भिंत त्यातला काही भाग गिळते आणि उरलेला परत फेकते. तो दुसऱ्या भिंतीवर जातो, तेथून छतावर, छतावरून पुन्हा खाली. ताज्या पांढऱ्या रंगाची भिंत रुपयातले सुमारे ऐंशी पैसे परत देते. गडद निळी भिंत दहाच्या आसपास देते. फिकट, आभाळी निळी निम्मे देते असे धरावयास हरकत नाही. शहाबादी फरशी वीसेक पैसे देते असे धरू.

आता ही गोष्ट बाजारातल्या रुपयासारखीच आहे. कामगाराने पगारातला एक रुपया वाण्याकडे दिला, वाण्याने त्यातले काही गल्ल्यात ठेवून उरलेले कापडवाल्याला दिले, कापडवाल्याने त्यातले काही शिंप्याला दिले. रुपया एकच असतो, पण हातोहात फिरून तो एका रुपयाहून अधिक उलाढाल करून जातो. प्रत्येकजण गल्ल्यात कमी ठेवील तितकी उलाढाल मोठी. खोलीतील उजेडाचे तंतोतंत असेच आहे.

वर सांगितलेल्या खोलीच्या चारही भिंती मिळून ४४० चौरस फूट होतात. छत १२० आणि फरशी १२०. एकूण ६८०. दार-खिडकीची जागा सोपेपणासाठी वजा केलेली नाही. छत पांढरे धरून चारही भिंती पांढऱ्या केल्या, तर सरासरीने खोली रुपयातले सुमारे एकोणसत्तर पैसे परत फेकते, आणि आलेल्या एका रुपयाच्या उजेडाची उलाढाल सव्वातीन रुपयांच्या घरात जाते. चारही भिंती गडद निळ्या केल्या तर खोली चोवीस पैसेच परत देते आणि उलाढाल होते एक रुपया बत्तीस पैशांची. म्हणजे खिडकी तीच, दिवा तोच, विजेचे बिलही तेच. पण पांढऱ्या खोलीत उजेडाची बेरीज निळ्या खोलीच्या अडीच पट.

येथे एक खुलासा केला पाहिजे. मशीनच्या बरोबर वर दिवा टांगला असेल तर त्याचा सरळ खाली पडणारा उजेड भिंतीच्या रंगाने घटत नाही. फरक पडतो तो परत फेकलेल्या उजेडात. जेथे दिवा सरळ पोचत नाही असे कोपरे, मशीनच्या हाताखालची जागा, स्वतःच्या डोक्याची सावली पडते ती जागा, तेथे हा परतीचा उजेडच कामास येतो. शिलाई करणारीला नेमकी तीच जागा दिसावयास हवी असते. सुईपाशी हाताची गडद सावली पडली की डोळे ताणले जातात, टीप वाकडी जाते आणि नग परत येतो. नगावर मजुरी मिळणाऱ्या बाईस परत आलेला नग म्हणजे गेलेली मजुरी.

दुसरा हिशेब रंगाच्या खरेपणाचा. निळी भिंत परत फेकते तो उजेडही निळसर असतो. त्या उजेडात पिवळे कापड मळकट, हिरवट वाटू लागते आणि तांबड्या धाग्याचे तेज जाते. पांढरी भिंत आपला रंग कोणावर लादत नाही. धाग्याशी धागा जुळवावयाचा तर पांढरी खोली बरी, हे कोणताही जुना शिंपी सांगेल.

या संदर्भात एक इतिहासातली हकीकत सांगण्यासारखी आहे. पॅरिस येथे गोब्लाँ नावाचा गालिचे आणि चित्रपट विणण्याचा जुना सरकारी कारखाना आहे. १८२४ साली तेथील रंगाई खात्यावर मिशेल शेव्रल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. त्याच्यापुढे तक्रारी होत्या, आणि त्यांतली एक अशी की कारखान्यात रंगविलेला काळा धागा फिका पडतो. ठपका अर्थातच रंगाऱ्यांवर. शेव्रलने इतर ठिकाणचे काळे धागे आणून ताडून पाहिले. रंगाऱ्यांचा काळा धागा कोठेही कमी नव्हता. मग दोष कोठे होता? तो काळा धागा निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणला जात होता, आणि त्या शेजारामुळे डोळ्यास तो फिका भासत होता. दोन रंग शेजारी आले की प्रत्येकजण दुसऱ्याला आपल्या उलट बाजूस ढकलतो, हा नियम त्याने त्यातून काढला आणि १८३९ साली त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. आज चित्रकलेच्या शाळांत तो नियम शिकविला जातो. आम्हास मात्र त्यातली पहिली गोष्ट अधिक मोलाची वाटते. माल बिघडला की कामगाराकडे बोट दाखविण्याची रीत सर्व देशांत आहे. शेव्रलने बोट दाखविण्याआधी तपासून पाहिले.

या नियमाचा घरी उपयोग असा. दुकानातल्या शेड कार्डावरचा बोटभर तुकडा पाहून रंग ठरवू नये. त्या तुकड्याच्या भोवती पांढरा कागद असतो, वर दुकानाचा झगझगीत दिवा असतो. तोच रंग चार भिंतींवर चढला की अधिक गडद आणि अधिक अंगावर येणारा वाटतो. रंगाऱ्यास सांगून भिंतीवर दोन फूट लांब, दोन फूट रुंद असा नमुना मारून घ्यावा. तो सकाळी पाहावा, दुपारी पाहावा आणि रात्री आपल्या घरच्या दिव्याखाली पाहावा. रंगारी कुरकुर करील. त्यास अर्ध्या दिवसाची मजुरी जास्त द्यावी. चार दिवसांचे काम पुन्हा करण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

आता निळ्याची बाजू. तिला न्याय दिल्यावाचून निवाडा पुरा होणार नाही. रात्रपाळी करून आलेल्या माणसास दिवसा झोपावयाचे असते आणि उजेड हा झोपेचा वैरी आहे. गडद भिंत उजेड गिळते, म्हणजे त्याची अडचण ती काही अंशी खरोखरच दूर करते. शिवाय पांढऱ्या भिंतीवर डोक्याच्या तेलाचे डाग, मुलांचे हात, चुलीचा धूर सारे उठून दिसते. निळ्यावर ते झाकले जाते. झाकले जाते म्हणजे स्वच्छ होते असे नव्हे, पण रोज भिंत पुसण्यास ज्या घरात कोणास वेळ नाही तेथे हाही विचार होतो.

निळ्याच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगतात की निळ्या खोलीत गारवा असतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात हा मुद्दा मोठा आकर्षक वाटतो, परंतु तो बहुतांशी भासाचा आहे. खोली तापते ती मुख्यतः वरच्या पत्र्यामुळे किंवा स्लॅबमुळे आणि उन्हात असलेल्या बाहेरच्या भिंतीमुळे. आतला रंग त्यात फारसा फरक करीत नाही. गारवा हवाच असेल तर छताला बाहेरून, गच्चीवर, पांढरा चुना मारावा. तो ऊन परत फेकतो आणि छत कमी तापते.

आणि गंमत अशी की, हे दोन रंग वैरी आहेत असे आपण समजतो, पण आपल्या घरांत ते पिढ्यान् पिढ्या एकाच बालदीत नांदत आले आहेत. चुना लावताना त्यात चिमूटभर नीळ टाकण्याची रीत सर्वांस ठाऊक आहे. नुसता चुना किंचित पिवळट दिसतो. निळीचा अंश त्या पिवळटपणास मारतो आणि भिंत अधिक पांढरी वाटते. धोतरास नीळ देतात ती याच कारणाने. ही नीळ म्हणजे झाडाची नीळ नव्हे. एकेकाळी असा निळा रंग अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणीतल्या मौल्यवान दगडापासून काढीत आणि तो श्रीमंतांच्या चित्रांतच दिसे. १८२८ च्या सुमारास फ्रान्समध्ये गीमे नावाच्या गृहस्थाने तो कारखान्यात तयार करण्याची रीत काढली आणि राजाच्या चित्रातला रंग धोब्याच्या बालदीत आला. चुन्यात हा निळा टिकतो. प्रशियन निळा म्हणून दुसरा एक रंग आहे, तो चुन्याच्या खारात तपकिरी पडतो. हा भेद न कळल्यामुळे रंगाऱ्याची मजुरी कापली गेल्याचे आम्ही पाहिले आहे.

चुन्याविषयीही दोन शब्द. कळीचा चुना म्हणजे भट्टीत भाजलेली चुनखडी. पाण्यात विझवून भिंतीवर लावला की तो हळूहळू हवेतला वायू शोषून पुन्हा चुनखडीच होतो, म्हणून भिंतीशी त्याचे चांगले जमते. तो खारा असल्यामुळे बुरशी लवकर धरत नाही आणि भिंतीतली ओल त्यातून बाहेर निघू शकते. ओलसर भिंतीवर ऑइल पेंट किंवा जाड प्लास्टिक पेंट लावला तर ओल आत कोंडते आणि वर्षभरात पोपडे सुटतात. चुन्याचा दोष हा की, डिंक किंवा सरस नीट न घातल्यास तो अंगाला लागतो, आणि ऑइल पेंटवर तो बसत नाही. शिवाय लावताना तो डोळ्यांत गेला तर डोळ्यास मोठी इजा होते. छतास चुना मारणाऱ्यास चष्मा देणे ही ठेकेदाराची मेहेरबानी नव्हे, ते त्याचे कर्तव्य आहे.

येथवर आम्ही भिंत पाहणाऱ्यांचा विचार केला. आता भिंत रंगविणाऱ्याचा आणि त्या घरातल्या मुलांचा. कोणताही नवा रंग लावण्यापूर्वी जुना खरवडावा लागतो. जुन्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः दारे-खिडक्यांच्या पांढऱ्या, पिवळ्या आणि तांबड्या रंगांत, शिसे असण्याचा संभव फार. सफेदा म्हणून जो पदार्थ पूर्वी वापरीत तो शिशापासून करीत, शेंदूरही शिशाचाच, आणि चकचकीत पिवळ्यातही शिसे असे. शिशाची धूळ पोटात गेली तर मोठ्या माणसास पोटशूळ होतो, रक्त कमी होते, मनगटे लुळी पडतात. लहान मुलांच्या तर मेंदूवर परिणाम होतो आणि तो भरून येत नाही.

आम्ही पंधरा वर्षांचे असताना एका ठेकेदाराने आमच्याकडून एका जुन्या वाड्याची दारे आठवडाभर कोरडीच घासून घेतली होती. नाकातोंडास बांधावयास फडके नाही, हात धुवावयास पाणी नाही. त्याच हातांनी आम्ही भाकरी खाल्ली. बरोबरचे म्हातारे रंगारी पोटात कळ आली की भिंतीस टेकून बसत आणि आम्हास म्हणत, "ह्या धंद्यात पोट दुखतंच, पोरा." धंद्यात पोट दुखतेच, ही समजूत मोडण्यासाठीच पुढे आम्ही संघटनेच्या कामात पडलो.

ती समजूत इतरत्र फार पूर्वी मोडली होती, हे आम्हास पुष्कळ उशिरा कळले. पॅरिसमध्ये लक्लेर नावाचा एक रंगकामाचा ठेकेदार होऊन गेला. गरीब घरातून आलेला, स्वतः रंगारी म्हणून राबलेला. आपली माणसे सफेद्याने आजारी पडतात हे पाहून त्याने १८४० नंतरच्या दशकात शिशाऐवजी जस्ताचा सफेदा वापरण्यास सुरुवात केली. त्याच माणसाने १८४२ पासून धंद्याच्या नफ्यात कामगारांस वाटा देण्याची रीत घातली, आणि त्याचे दिवाळे वाजले नाही. पुढे रंगाऱ्यांच्या संघटनांनी चळवळ केली, फ्रान्सने १९०९ साली सफेद्याविरुद्ध कायदा केला, आणि १९२१ साली आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने जिनीव्हा येथे ठराव करून इमारतीच्या आतल्या रंगकामात, काही अपवाद सोडून, शिशाचा सफेदा वापरण्यास मनाई केली. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर बंधन घालणारे नियम २०१६ साली झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. रंगाच्या दहा लाख भागांत शिशाचे नव्वद भाग ही मर्यादा आहे. १९२१ ते २०१७ या दोन सालांमधले अंतर श्रोत्यांनी स्वतः मोजावे.

नियम नव्या डब्यासाठी आहे. दारावरच्या जुन्या थरास तो ठाऊक नाही. म्हणून जुना रंग कधीही कोरडा घासू नये. पाणी मारून, ओल्या पॉलिश पेपरने घासावा. दिव्याच्या ज्योतीने जाळून काढू नये. मुलांस आणि गरोदर बाईस त्या दिवसांत दुसरीकडे ठेवावे. धूळ झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. रंगाऱ्यास हात धुण्यास साबण आणि पाणी द्यावे व त्याची भाकरी खोलीबाहेर ठेवावी. नवा डबा घेताना त्यावर शिशाविषयी काय लिहिले आहे ते वाचावे. पांढरा की निळा हा प्रश्न याच्या नंतरचा.

आता निवाडा. आम्ही त्या जोडप्यास कागदावर हिशेब करून दाखविला. दहा फुटांची एकच भिंत गडद निळी केली तर उजेडाची उलाढाल सव्वातीन रुपयांवरून सुमारे दोन रुपये पंचेचाळीस पैशांवर येते. म्हणजे चवथ्या हिश्श्याचा तोटा. तीच भिंत फिकट निळी केली तर दोन रुपये शहाऐंशी पैसे; म्हणजे आठव्या हिश्श्याचा तोटा. तेवढा सोसता येईल असे बाईने सांगितले. खिडकीसमोरची भिंत पांढरीच ठेवली, कारण खिडकीचा उजेड प्रथम तिच्यावर पडतो. खिडकीची भिंतही पांढरी, कारण झगझगीत खिडकीच्या भोवती गडद भिंत असली की डोळे दिपतात. मशीन खिडकीलगत, तेही असे की उजव्या हाताची सावली सुईवर न पडावी. पलंग निळ्या भिंतीशी, तोंड तिच्याकडे, आणि मधे जाड कापडाचा पडदा. डोळ्यांवरचा उजेड अडविण्याचे खरे काम त्या पडद्याचे. ते भिंतीवर सोपविले तर भिंत ते सगळ्या खोलीचा उजेड गिळून करते, आणि ती किंमत दुसऱ्यास मोजावी लागते. पडदा बाईनेच शिवला.

त्यानंतर दोन महिन्यांनी आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो. नवरा म्हणाला, झोप पूर्वीपेक्षा बरी लागते, पण मशीनचा आवाज आहेच. बाई म्हणाली, ते उठायच्या वेळेपर्यंत मी हातशिलाईचे काम काढते, पण त्यात नग कमी होतात. यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. एकशेवीस चौरस फुटांत एकाचा दिवस आणि दुसऱ्याची रात्र एकाच वेळी मावत नाही, ही अडचण कोणत्याही रंगाने झाकता यावयाची नाही. ती घरांची, पाळ्यांची आणि मजुरीच्या दराची बाब आहे आणि तिचा झगडा वेगळ्या ठिकाणी द्यावा लागतो.

परंतु तो झगडा जिंकेपर्यंत माणसांस त्याच खोलीत राहावयाचे असते. तोवर जो उजेड मिळतो तो वाया जाऊ नये, जी झोप मिळते ती मोडू नये आणि भिंत रंगविताना कोणाचे मूल आजारी पडू नये, एवढे पाहणे आपल्या हाती आहे. घरी रंग काढावयाचा असेल तेव्हा त्या खोलीत कोण किती तास आणि कोणते काम करतो हे आधी विचारावे. ज्याचे काम त्या उजेडावर चालते त्याचे मत पहिले घ्यावे, आणि रंगाऱ्यासाठी बालदीभर स्वच्छ पाणी भरून ठेवावे. आमचे सांगणे एवढेच.